फुलपाखराला पाय किती?

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. मी एका फुलपाखराला शेक द्यायला निघाले होते. हो, शेक. नव्या बाळाला देतात तोच.

माझी मुलगी पल्लवी तेव्हा सहावीत होती. नाशिक रोडला आमच्या कॉलनीमागे रुईची झाडं होती. तिथून तिने एक अळी आणली आणि फरसाणच्या बरणीत वाढवली. अळीचा कोष झाला. हिरवागार, वर सोनेरी ठिपके, जणू कुणी कानातलंच टांगून ठेवलंय.

हे सगळं शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी. पल्लवी इतकी लाजाळू, की घरी पाहुणे आले की मोरीत जाऊन उभी राहायची. आणि तिने चक्क स्वतःहून नाव दिलेलं. लोकांपुढे बोलायची तिची पहिलीच वेळ. मग मी कंबर कसली. शिक्षण माझं दहावीपर्यंतच, पण तिच्या आधी फुलपाखराचा तक्ता मला पाठ झाला. डोकं, छाती, पोट. पंख चार, पाय सहा, सगळे छातीला जोडलेले. चव पायांनी घेतं. तोंडाला गुंडाळलेली एक सोंड, मध ओढायला.

"पल्लू, पाय किती?"

"सहा. पण आई, रुईवर बसतात ना, तेव्हा चारच दिसतात."

"पुस्तकात सहा आहेत. सहा म्हण."

पंधरा दिवस हेच. भाजी निवडतानासुद्धा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती तक्ता रंगवायला मैत्रिणीकडे गेली. जाताना बजावून गेली, "आई, कोष काळा पडलाय, म्हणजे आज-उद्या निघेल. बरणी हलवू नकोस."

मी कशाला हलवतेय? ओटा पुसताना फक्त उचलून बाजूला ठेवली. जराशी.

आमटीला फोडणी देऊन वळून बघते, तर फुलपाखरू बाहेर आलेलं. पण कसलं ते? पोट टम्म फुगलेलं आणि पंख पिळून टाकलेल्या रुमालासारखे, एवढेसे, चुरगळलेले. बरणीवरची जाळी काढून जवळून पाहिलं. सोंड मधोमध फाटून तिचे दोन भाग झालेले. पाय मोजले. चार. चष्मा लावून मोजले. चारच. उरलेले दोन मी बरणीच्या तळाशी शोधले, खोटं नाही सांगत.

आणि तेवढ्यात त्याच्या पोटातून एक लाल थेंब पडला.

तुम्हीच सांगा, माणसाने काय समजायचं?

खालच्या मजल्यावर शेवंतामावशी राहायच्या. कॉलनीतल्या निम्म्या बाळांना त्यांनीच न्हाऊमाखू घातलेलं. त्यांना हाक मारली. त्यांनी बरणीत डोकावून पाहिलं.

"रगत हाय गं. अन् गारठलंय बघ किती. शेक द्यावा लागंल. तवा ठेव."

"फुलपाखराला?"

"लेकराला देतो ना? मंग? हे बी आत्ताच जल्मलंय की."

मला ते पटलं. इथेच माझं चुकलं. मी तवा ठेवला, मावशींनी जुन्या धोतराचा मऊ तुकडा फाडला.

"पंख सरळ करून गुंडाळू. दुपट्यात लेकरू गुंडाळतो तसं. हात-पाय सरळ व्हत्यात त्यानं."

"त्याला दोन पाय नाहीत, मावशी."

"नीट मोज." मग त्यांनीच मोजले. "तू पाडले काय?"

मला रडूच फुटलं. त्याला उचलायला मी बोट पुढे केलं, तर ते बोटावर चढलं, तिथून हातावर, हातावरून खांद्यावर, आणि माझ्या पदराला उलटं लोंबकळलं. क्रीम रंगाच्या साडीवर दुसरा लाल थेंब. मावशी ऊन ऊन फडकं घेऊन पुढे आल्या आणि दारात पल्लवी.

"मावशी, थांबा. कुणी हलू नका. आई, तू तर मुळीच नाही."

एवढा मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

मग तिने आम्हा दोघींची शिकवणीच घेतली. "पोटातलं पाणी ते पंखांत ढकलतंय. त्यासाठी लोंबकळायला जागा लागते. गुंडाळलं असतं तर जन्मभर पंख असेच राहिले असते. सोंडेचे आधी दोन भागच असतात, ते जुळवून त्याची एक नळी करतं. आणि पुढचे दोन पाय छोटे असतात, छातीशी दुमडलेले."

"अन् हे रगत?"

"रक्त नाही, मावशी. कोषात साठलेली घाण. त्याची पहिली शी."

मावशींनी फडक्याची शांतपणे घडी घातली. "म्हंजी लेकरागतच हाय. मी काय येगळं म्हणत व्हते?"

तासभर मी दांडीसारखी उभी. हे ड्यूटीवरून आले, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता स्वतःच पान वाढून घेतलं. हळूहळू पंख उलगडले. केशरी, काळ्या काठाचे, टोकाशी पांढरे ठिपके. आणि ते खिडकीतून निघून गेलं.

पल्लवीचे डोळे भरले. उद्या दाखवायचं काय? रिकामा कोष? मग तिची नजर माझ्या पदरावर गेली.

"आई, ही साडी धुऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाशेजारी मी पदर पसरून उभी. पल्लवी अशी बोलली म्हणता, की तव्यापासून शीपर्यंत काही सोडलं नाही. बाकीची टेबलं ओस पडली. परीक्षक सरांनी हसून हसून चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळले.

"मग ताई, आता सांगा. फुलपाखराला पाय किती?"

पंधरा दिवस घोकून घेतलेलं उत्तर.

"चार," मी ठणठणीत आवाजात म्हणाले.

पल्लवीने हळूच माझा पदर ओढला. "पुस्तकात सहा आहेत. आई, सहा म्हण."