पोट भरलेले कावळे

केराबाई जन्माची खोडकर. सांगोल्याकडं मेंढरं राखता राखता सत्तरी ओलांडली, गुडघ्यांनी दगा दिला आणि पुतण्यानं तिला सोलापुरातल्या एका वृद्धाश्रमात आणून सोडलं. तिथं मेंढरांच्या जागी म्हाताऱ्या आल्या, एवढाच काय तो फरक. कुणाची कवळी लपव, कुणाच्या चहात मीठ टाक, हे तिचे उद्योग. शेजारच्या कॉटवरची राजाबाई, वैरागची, हसून हसून बेजार व्हायची. दोघींचं मेतकूट चांगलंच जमलं होतं.

न्हाणीघरात घंटेचं बटण होतं. कुणी पडलं-बिडलं तर दाबायचं. केराबाई ते गप्पांना माणूस हवा म्हणूनसुद्धा दाबायची आणि तिचं बघून बाकीच्याही शिकल्या. व्यवस्थापक बिभीषण, तिशीतला गडी, सगळा कारभार एकट्याच्या अंगावर. पळून पळून तो मेटाकुटीला आला आणि एके दिवशी त्यानं गुपचूप घंटेची वायरच उपटली.

मग एका दुपारी, सगळे पेंगत असताना, राजाबाई न्हाणीघरात घसरून पडली. चहाच्या वेळेला सापडली तेव्हा तिचं बोट बटणावरच होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर वाचली असती. बिभीषण म्हणाला, "वेळ भरली होती, दुसरं काय."

केराबाईनं जाऊन बटण दाबून पाहिलं. आवाज नाही. मागं लोंबणारी वायर पाहिली आणि तिचं टाळकंच सरकलं.

"बिभीषणा, मेंढरू मेलं तर आमी आदी बगतो, कुटं चरलं, काय खाल्लं. कळप पुन्हा तितं न्हेत न्हाय. आन् माणूस मेलं की वेळ भरली व्हय? त्याच न्हाणीत उद्या मी जाणार हाय, पलीकडच्या कॉटवरची सिद्धम्मा जाणार हाय."

"बघू की आजी," म्हणून तो निघून गेला. ते 'बघू' काही खरं नव्हतं, हे केराबाईला त्याच्या पाठीवरनंच कळलं.

राजाबाईला पुढं-मागं कुणी नव्हतं, म्हणून दहावा बिभीषणानंच करायचा ठरवला. मनानं तसा तो वाईट नव्हता. आश्रमामागच्या तळ्यावर पिंड ठेवायचे होते. बायकांनी येऊ नये असं भटजी म्हणाले, तरी केराबाई काठी टेकत गेलीच. किंबहुना ती सगळ्यांच्या आधी जाऊन आली होती. डबाभर कडक भाकरी आणि शेंगांची चटणी तिनं तळ्यावरच्या तमाम कावळ्यांना मनसोक्त खाऊ घातली होती.

पिंड ठेवले. कावळे बाभळीवर बसून चोची पुसत राहिले. एकही खाली उतरेल तर शपथ.

"तिची काही इच्छा राहिली असेल तर बोला," भटजी म्हणाले.

बिभीषणानं हात जोडले. "मावशी, तुमच्या नावानं जेवण घालतो." कावळे ढिम्म. "न्हाणीघरात धरायला दांडा बसवतो." एकानं पंख तेवढे खाजवले. ऊन चढलं. भटजी गवताचा कावळा करायला लागले, तशी केराबाई म्हणाली, "असला लबाड कावळा राजाबाईला चालायचा न्हाय. खरं काय ते बोल की."

बिभीषणाला दरदरून घाम फुटला. मान खाली घालून तो म्हणाला, "मावशी, वायर मी काढली होती. तुमी बटण दाबत ऱ्हायला आन् मला ऐकू आलं न्हाय. आजच जोडतो. इथून पुढं घंटा खोटी वाजली तरी येईन."

केराबाईचं काम झालं होतं. आता कावळ्याला खाली उतरवायला तिनं कनवटीचे शेंगदाणे चाचपले. ते बाहेर काढायच्या आतच एक लंगडा कावळा सरळ पिंडावर येऊन बसला. हे मात्र तिनं केलं नव्हतं. पहिल्यांदाच तिला राजाबाईची थोडी भीती वाटली.

संध्याकाळी वायर जोडली गेली. बिभीषण जेवायला बसल्याचं बघून केराबाई न्हाणीघरात गेली आणि तिनं बटण दाबलं. उष्ट्या हातानं, एका पायात चप्पल, असा तो धापा टाकत आला.

"काय झालं आजी?"

"काय न्हाय. येतोस का बगितलं."

तो रागावला नाही. तिला हात देऊन कॉटपर्यंत घेऊन आला. शेजारची कॉट रिकामी होती. तिच्याकडं बघून केराबाई म्हणाली, "आला गं," आणि पदर तोंडात धरून रडली.