ब्लाउजच्या दुकानातला जपानी हिरो

शिवणाच्या दुकानात दोन गोष्टी न सांगता साठत जातात. चिंध्या आणि किस्से! चिंध्या निदान उशीत तरी भरता येतात. किस्से मात्र कुणाला तरी सांगावेच लागतात, नाहीतर पोटात दुखतं.

आमचं इंदिरानगरातलं ब्लाउजचं दुकान तसं छोटंसं. कटिंग माझ्याकडे. फॉल-पिको शेवंतामावशींकडे. त्या गिरणारे गावाच्या बाजूच्या, साठी ओलांडलेल्या, आणि तोंड मशीनपेक्षा फास्ट. हुक, हेमिंग, मणी-मोत्यांचं हातकाम वैशालीचं. चौथी माझी भाची रेणुका. ती अंबडला एका कंपनीत क्वालिटीत आहे. पहिली शिफ्ट सुटली की घरी जायच्या आधी दुकानात येऊन चहा पिते. आम्हाला ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचं, वेड लावलं ते तिनंच.

त्याच दिवसांत वैशालीला स्थळ आलं होतं. वैशाली बेचाळीसची. नवरा सोडून गेला, घटस्फोट झाला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती वडिलांकडे राहते. स्थळ होतं मखमलाबादच्या गोरखभाऊंचं. त्यांची फुलशेती, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. त्यांच्या आईनं मलाच फोन केला. "तुमच्या वैशालीला आमच्या घरात यायला आवडंल का, तेवढं इचारा. दसऱ्यापर्यंत सांगा, घाई नाय."

वैशाली हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. पुढचं सगळं त्या मधल्या काळातलं.

*

पहिल्या दिवशी रेणुकानं टॅब कटिंगच्या टेबलावर धाग्यांच्या रिळांना टेकवून उभा केला. मावशींनी चष्म्यावरून बघितलं.

"कार्टून व्हय? आम्ही काय बालवाडीत हाय का?"

"मावशी, हे मोठ्या माणसांचं आहे. बघा तरी!"

मालिका अशी होती. समुद्राकाठचं एक गाव. तिथं एक बाई जुने कोट उसवून नव्या फॅशनचे करून देते. वय पंचेचाळीस. आणि एक रेल्वेतला इंजिनिअर, तोही एकटा, आपला एकच कोट पुन्हा पुन्हा दुरुस्तीला घेऊन येतो. आम्ही त्यांची नावं कधी शिकलोच नाही. ती कोटवाली आणि तो चष्मेवाला.

पहिल्याच भागात कोटवाली दिवसभराचं काम संपवून उठते, कंबरेवर हात ठेवून जरा वेळ तशीच उभी राहते, मग कपाटातून बाम काढते. मावशींनी पिको मशीन बंद केलं.

"अगं बाई! कार्टूनची पण कंबर दुखती?"

त्या दिवसापासून मावशी आमच्यापेक्षा जास्त कडक प्रेक्षक झाल्या.

*

अडचण एकच होती. हात कामात, डोळे सुईवर. टॅबकडे बघणार कोण? बरं, मावशींचं मशीन चालू असलं की त्या खडखडाटात आवाज ऐकू येत नाही, आणि जपानी ऐकून आम्हाला कळणार तरी काय? म्हणून आवाज बंदच ठेवायचा आणि रेणुकानं खालची इंग्रजी वाक्यं मराठीत वाचून दाखवायची, अशी पद्धत पडली.

सुरुवातीला ती कंपनीतला रिपोर्ट वाचावा तसं वाचायची. "तो म्हणतो की हवा थंड आहे. ती म्हणते की होय."

मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, प्रेमाचं चाललंय. माल रिजेक्ट झाल्यावानी काय सांगतीस!"

मग रेणुका सुधारली, आणि फारच सुधारली. आवाज बदलून, थांबून, उसासे टाकून वाचायला लागली. आम्ही खाली मान घालून टाके घालायचो आणि गोष्ट कानांनी बघायचो. मी अधूनमधून वर बघायचे, पण फक्त कपड्यांसाठी. एकदा चष्मेवाला कोटवालीचा हात धरणार, रेणुकाचा आवाज कातर झालेला, आणि मी ओरडले, "थांबव! बाहीचा पफ बघू दे!"

हात धरायचा राहिला. पफ मात्र आम्ही इकडून तिकडून झूम करून बघितला आणि पुढं तीन नवरीमुलींच्या ब्लाउजांना लावला.

*

हळूहळू गिऱ्हाइकंही विचारायला लागली. "आम्हाला पण सांगा ना काहीतरी चांगलं. कॉलेजच्या पोरापोरींची रडारड नको."

रेणुकाचे शिफारशीचे नियम ठरलेले. बाई पस्तिशीच्या पुढची हवी. कुणी चक्कर येऊन कुणाच्या अंगावर पडता कामा नये. आणि कपड्यांना शिवण दिसली पाहिजे, नुसते रंग फासलेले चालणार नाहीत. एकीला तिनं घटस्फोट झालेल्या आणि आता समोरासमोर दुकानं टाकलेल्या दोन डिझायनरांची मालिका दिली. दुसरीला रेशीम रंगवणाऱ्या कारखान्यातली, ज्यात मालकीण आणि तिचा जुना कारागीर अख्खं आयुष्य एकमेकांना अहोजाहो करतात.

गणिताच्या एक निवृत्त बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना आमची कोटवाली दिली. आठवड्यानं ब्लाउज न्यायला आल्या त्या तणतणतच. "अगं, काय हे! अर्धी मालिका संपली, त्यानं तिला फक्त एक छत्री दिलीय! काय चाललंय काय?"

रेणुका घाबरली. "बाई, मग दुसरी देऊ का?"

"दुसरी कशाला? छत्री परत करायला ती जाते की नाही, ते सांग आधी!"

*

गोरखभाऊ दुकानात यायचे ते आईच्या ब्लाउजांसाठी. पहाटे फुलं मार्केटला टाकायची, उरलेली त्र्यंबकेश्वरच्या दुकानांना पोचवायची आणि दुपारी परत जाताना टेम्पो आमच्यासमोर लावायचा. पिशवीतून मापाचं ब्लाउज काढून टेबलावर ठेवायचं, दाराजवळच्या स्टुलावर बसायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. बोलणं जवळजवळ नाहीच. स्थळाचा विषय त्यांनी स्वतः एकदाही काढला नाही.

मावशी एकदा म्हणाल्या, "वैशे, तुझ्या ध्यानात आलं का? मी त्यांना गोरखभाऊ म्हणती, ही ताई गोरखभाऊ म्हणती, रेणुका गोरखकाका म्हणती. तू नुसतं 'अहो, ऐका' म्हणतीस!"

वैशाली लाजेल असं मला वाटलं होतं. ती लाजली नाही. हातातलं ब्लाउज मांडीवर ठेवून म्हणाली, "मावशी, पहिला खूप बोलायचा. माझ्यावाचून जेवण जात नाही म्हणायचा. सगळं खोटं निघालं. हे तर बोलतच नाहीत. मग खरं काय आणि खोटं काय, मला कळणार कसं?"



"आपला तो चष्मेवाला बघा," ती पुढं म्हणाली. "फार गोड बोलत नाही. पण कोटवालीनं दुकान बंद करायला घेतलं, की रोज विचारतो, 'दमलीस का?' मला एवढंच विचारणारं माणूस पाहिजे, ताई. बाकी काही नको."

मला गलबलून आलं. इतकं छोटं मागणं, आणि तेही तिनं कार्टूनकडून शिकून मागावं! रेणुका त्या वेळी चहाच्या कपात बघत होती. मला वाटलं, तिलाही वाईट वाटलं असेल.

*

मग रेणुकानं एक उपद्व्याप केला. गोरखभाऊंनाच विचारलं, "काका, आम्ही बघतो ती मालिका तुम्ही बघाल का?" आणि त्यांच्या मोबाइलवर लावूनही दिली. तिचा हेतू उघड होता. त्यांनी बघून काहीतरी शिकावं!

पुढच्या खेपेला ते आले. आम्ही सगळ्या कान टवकारून.

"बघितलं का काका?"

"बघितलं. आईबी बसली होती संगं."

"मग? कसं वाटलं?"

गोरखभाऊंनी बराच विचार केला. चहा संपला तरी विचार चाललेला. शेवटी म्हणाले, "त्या बाईच्या दुकानात उजेड लय कमी हाय. डोळे जातील तिचे."

रेणुकानं कपाळावर हात मारला. एवढी सुंदर लव्हस्टोरी, आणि यांना दिसला काय, तर उजेड!

जाताना ते दारात थांबले. "तुमच्या बी त्या कोपऱ्यात कमीच हाय," एवढं म्हणून टेम्पोकडे गेले. त्या कोपऱ्यात वैशाली बसते. मी बघितलं तर ती सुईत दोरा ओवत होती, आणि सुईत दोरा आधीच होता.

*

दसरा जवळ आला तसा कामाचा रेटा वाढला. त्या गडबडीत वैशालीच्या बोटात सुई खोल गेली. पट्टी बांधली आणि मी तिला सांगितलं, "आज हातात काही घ्यायचं नाही." तर ती स्टूल ओढून टॅबसमोर बसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच मालिका डोळ्यांनी बघत होती.

कोटवालीनं दिवे मालवले. चष्मेवाला बाहेर उभा. रेणुकानं सवयीनं तो हळुवार आवाज काढला. "दमलीस का?"

"थांब," वैशाली म्हणाली. "मागे घे जरा."

रेणुकानं मागे घेतलं. पुन्हा तेच.

"अजून एकदा."

मग तिनं रेणुकाकडे बघितलं. "त्याचं तोंडच हललं नाही. खाली काही लिहूनही आलं नाही. तू कुठून वाचलंस?"

मावशींचं मशीन थांबलं. रेणुकानं टॅबवरचं चित्र थांबवलं.

"वैशालीताई, तिथं काहीच नसतं. ते दोघं नुसते असतात. तुम्ही सगळ्या खाली मान घालून बसायच्या. एवढा वेळ मी गप्प बसले असते, तर तुम्हाला वाटलं असतं की टॅब बंद पडला. शांतता कशी वाचून दाखवणार मी? म्हणून मला जे वाटलं ते बोलले."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे त्यानं तिला कधीच विचारलं नाही?"

"एकदाही नाही."

मला रेणुकाचा भयंकर राग आला. एका बाईनं आयुष्याचा निर्णय ज्या दोन शब्दांवर अडवून ठेवला होता, ते या पोरीनं चहा पिता पिता बनवले होते! मी तोंड उघडणार, तेवढ्यात वैशालीनंच विचारलं, "मग तो करतो काय तिथं?"

आम्ही सगळ्या टॅबभोवती गोळा झालो. चष्मेवाला काहीच बोलत नव्हता. कोटवाली शटर ओढायला वाकली, तेव्हा तो पुढं झाला आणि त्यानं शटरचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ते खाली घेतलं. मग दोघं आपापल्या वाटेनं गेले.

"आणि तिला कळतं?" वैशालीनं विचारलं.

"कळतं," रेणुका रडवेली होऊन म्हणाली. "सॉरी, ताई."

वैशाली चिडली नाही. तिनं मालिका पहिल्या भागापासून लावायला सांगितली. "वाचू नकोस," म्हणाली. पुढचे कितीतरी दिवस, पट्टी सुटल्यावरसुद्धा, ती दुपारचा डबा रेणुका आल्यावर टॅबसमोर खायची आणि मुकाट बघायची. आम्हीही कुणी बोलायचो नाही. मावशी तर तेवढा वेळ मशीनसुद्धा चालवायच्या नाहीत, आणि मावशी गप्प बसल्या म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते समजून घ्या.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोरखभाऊ आले. झेंडूच्या सीझनमुळे डोळे तांबारलेले, शर्टाला पिवळे डाग. आईचं नवं ब्लाउज तयार होतं. मी पिशवीत घालून दिलं. ते घेऊन ते वळले.

"अहो, ऐका," वैशाली कोपऱ्यातून म्हणाली. "जरा इकडे या. उजेडात उभे राहा."

ते आले. वैशालीनं गळ्यातली टेप काढली.

"हात सैल सोडा."

तिनं खांदा मोजला. बाही मोजली. मनगट मोजलं. गळ्याशी टेप नेली तेव्हा गोरखभाऊंनी श्वास रोखलेला मला इकडून दिसत होता. मावशींचा पाय पॅडलवर तसाच. रेणुकानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलेलं.

"हात वर."

त्यांनी हात वर केले. छाती झाली, कंबर झाली. टेप गुंडाळून झाली तरी त्यांचे हात वरच. तसेच वर धरून त्यांनी भिंतीवरच्या आमच्या बोर्डाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "तुमच्याकडं तर फक्त लेडीजचंच शिवत्यात ना?"

"हो," वैशाली म्हणाली. "जेन्ट्सपैकी एकाचंच शिवणार आहे."