भवचक्रात सर्जेराव

पोपट पेंटर एकवीस वर्षांत एकदाही सर्जेरावांशी भांडला नाही, यावरूनच आमच्या वस्तीनं ओळखायला हवं होतं. भांडणारा माणूस बोलून मोकळा होतो. पोपट साठवत होता. मला ते ठाऊक होतं आणि मी कुणाला सांगितलं नाही.

मीही साठवणाऱ्यांतलाच. शिरूरच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं कारकुनी केली, निवृत्त होऊन कवठे येमाईच्या पुढं आमच्या वस्तीवर परत आलो आणि बुद्धविहार समितीचा सचिव झालो. झालं गेलं विसरा, असं सांगणारी माणसं मला सहन होत नाहीत. त्यांचं स्वतःचं काही गेलेलं नसतं.

पोपटचं काय गेलं ते सांगतो. दोन हजार तीन साल, बाजाराचा दिवस. वस्तीवरच्या सगळ्या गाड्या शिरूरला गेलेल्या. भर दुपारी त्याच्या बायकोला, भागुबाईला, कळा सुरू झाल्या. पहिलीच खेप. गावात एकच जीप उरली होती, गावातल्या मातब्बर सर्जेरावांच्या अंगणात, लिंबाच्या सावलीला. पोपट पळत गेला. सर्जेराव ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

"चावी न्हाई रं," ते म्हणाले. "पोरगं घिऊन गेलंय शिरूरला."

चावी त्यांच्या करदोड्याला लोंबत होती. पोपटनं ती पाहिली. त्यानं पाहिली हे सर्जेरावांनी पाहिलं, आणि सदरा खाली ओढून घेतला. तरी पोपट हात जोडून अर्धा तास त्या ओट्याखाली उभा होता. हे आठवलं की माझं आजही डोकं फिरतं.

शेवटी कांद्याचा टेम्पो मिळाला. भागुबाईला गोण्यांवर झोपवलं. मलठणच्या अलीकडं टेम्पोतच मुलगी झाली आणि भागुबाईची शुद्ध गेली. पोरगी पोपटच्या मांडीवर, त्याच्याच रंगानं माखलेल्या सदऱ्यात गुंडाळलेली, शिरूर दिसेपर्यंत जगली. दवाखान्यात भागुबाईला वाचवलं, पण पिशवी काढावी लागली. पोपटनं डेपोत निरोप धाडला, मी गेलो. भागुबाई शुद्धीवर यायच्या आत आम्ही दोघांनी पोरीला घोडनदीच्या काठाला माती दिली. सदरा बाजूला करून तोंड बघायची माझी हिंमत झाली नाही.

आठवड्यानं सर्जेराव चहाच्या टपरीवर म्हणाले, "नवी कोरी सीट कव्हरं टाकली व्हती. बाळंतिणीचा काय भरवसा?" चारजण हसले. त्यातल्याच एकानं हे पोपटला येऊन सांगितलं. पोपट तेव्हा शिरूरला एका किराणा दुकानाची पाटी लिहीत होता. त्यानं ऐकून घेतलं, अर्धवट राहिलेलं अक्षर पुरं केलं आणि ब्रश धुतला.

पुढं पंचायतीची निवडणूक लागली. सर्जेराव उभे राहिले आणि त्यांचा चेहरा गावभरच्या भिंतींवर कुणी काढावा? पोपटनं. सगळ्या वस्तीनं त्याला शिव्या घातल्या. मीही घातल्या.

"आबा," तो मला म्हणाला, "काढल्याबिगर पाठ कसा व्हईल?"

तेव्हा मला कळलं. तीन निवडणुका त्यानं तो चेहरा काढला. डाव्या गालावरचा देवीचा व्रण, जाड जुळलेल्या भुवया, खालच्या ओठाचा लोंबता कोपरा. मग फ्लेक्स आले, भिंती संपल्या. पोपट दौंडकडच्या उसाच्या ट्रॉल्यांवर नावं टाकू लागला, अंगणवाड्यांच्या भिंतींवर फळं, भाज्या आणि गुटगुटीत बाळं काढू लागला. पण चहा पिताना ओल्या बोटानं टेबलावर रेघोट्या मारायचा, त्या मी ओळखायचो.

भागुबाई या सगळ्यात कुठं होती? घरात होती. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, संध्याकाळी विहारात दिवा लावायची. सर्जेरावांचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पोपट तिच्याशी फार बोलत नसे. त्याचं ध्यान दुसरीकडं असे.

गेल्या वर्षी विहाराचं बांधकाम पुरं झालं. आमच्या समितीच्या अध्यक्ष करुणा मॅडम, हायस्कुलात शिकवतात. त्या लडाखला जाऊन आल्या आणि तिथून एका मोठ्या चित्राची छपाई घेऊन आल्या. एक अक्राळविक्राळ प्राणी दातांत आणि नखांत चाक धरून उभा. त्या म्हणाल्या, "हे भवचक्र. आपल्या मागच्या भिंतीवर हे हवं."

म्हातारी मंडळी उसळली. "आपल्यात यम न्हाई. आपल्यात नरक न्हाई. बावीस प्रतिज्ञा कशाला घेतल्या मंग?"

"हा यम नाही, ही अनित्यता आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळंच तिच्या तोंडात आहे. आणि नरक मेल्यावरचा नाही, आत्ताचा आहे. माणूस हावरा झाला की भुकेलं प्रेत होतो, रागानं पेटला की नरकात असतो, नुसता खाऊन लोळला की जनावर. जिवंतपणीच."

मग त्यांनी एकेक बोट ठेवून दाखवलं. मधोमध कोंबडा, साप आणि डुक्कर, एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरलेले. कोंबडा म्हणजे आसक्ती, साप म्हणजे द्वेष, डुक्कर म्हणजे अज्ञान. हे तिघं फिरतात म्हणून चाक फिरतं. त्याभोवती सहा खण, जगण्याचे सहा प्रकार. आणि बाहेरच्या कडेला बारा छोटी चित्रं: काठी टेकत जाणारा आंधळा, मडकी घडवणारा कुंभार, डोळ्यात बाण घुसलेला माणूस, बाळंत होणारी बाई, शेवटी खांद्यावरचं मढं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. मंडळी पुढं सरकून बघू लागली.

पोपट पाठीमागं भिंतीला टेकून उभा होता. त्यानं एवढंच विचारलं, "मॅडम, नरकात कुणाला बी काढलं तरी चालतंय का?"

"चालतं की. माणूस काढायचा," मॅडम म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मी मान डोलावली. आता कुणी म्हणेल, शिकलेला माणूस, समितीचा सचिव, थांबवायला हवं होतं. का थांबवू? त्या दुपारी चावी लपवताना सर्जेरावांना कुणी थांबवलं होतं?

दोन महिने तो भिंतीपुढं होता, ताडपत्रीचा आडोसा करून; आत फक्त मला सोडायचा. मोठी चित्रं तो आधी कागदावर काढायचा, रेघांवर टाचणीनं बारीक भोकं पाडायचा, कागद भिंतीला चिकटवायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थापटायचा. कागद काढला की भिंतीवर ठिपके उमटतात, त्यावरून रेघ ओढायची. कामाची हीच रीत. असे जुने कागद त्याच्याकडं ट्रंकभर होते. बाहेरची बारा चित्रं त्यानं याच कागदांवरून चार दिवसांत उरकली. चाकाबाहेरचा, चंद्राकडं बोट दाखवणारा बुद्ध दीड दिवसात. बाकी सगळे दिवस नरकाला दिले.

नरकातल्या सर्जेरावांना कागद लागला नाही. ते हातानं उतरले. तापलेल्या लोखंडी सीटवर बांधलेले, सीटला फुलाफुलांचं कोरं कव्हर, आणि कव्हराला जाळ लागलेला. करदोड्याला चावी. भुकेल्या प्रेतांच्या खणात पुन्हा तेच, मान सुईएवढी, पोट नगाऱ्याएवढं, आणि चावी. मधल्या डुकरालाही त्यानं त्याच जुळलेल्या भुवया दिल्या. पाहून मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

भागुबाईनं मात्र कामाच्या दिवसांत भिंतीकडं पाऊल टाकलं नाही. पोपटनंच सांगितलं होतं, पुरं झाल्यावर दावीन. ती रोज डबा पायरीवर ठेवून जायची. त्या दिवसांत ती वेगळीच दिसायची, नीट विंचरलेली, घाईघाईनं चालणारी. एकदा मला म्हणाली, "आबा, जन्माचं बी काढत्यात म्हनं त्यात?" मी म्हणालो, काढतात. ती हसली आणि गेली. मी त्यावर आणखी विचार केला नाही.

उद्घाटन बुद्धपौर्णिमेला ठरलं. अंगणात टाकलेला मुरूम सर्जेरावांच्या ट्रॅक्टरनं आला होता, त्यामुळं त्यांना बोलवायला निमित्त होतं. प्रमुख पाहुणे म्हणून पत्रिकेत त्यांचं नाव मी स्वतः घातलं. भिंतीवर पांढरी चादर सोडली होती. तिची दोरी त्यांच्याच हातात द्यायची, हेही मीच ठरवलं.

सर्जेराव आले. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी, पण सदरा कडक इस्त्रीचा. वंदना झाली, त्यांना हार घातला, त्यांनी दोन शब्द सांगितले आणि दोरी ओढली. चादर खाली आली, टाळ्या पडल्या. मग टाळ्या एकेक करत थांबल्या.

पुढच्या रांगेतली गीताबाई मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, ह्ये तर सर्जेराव!"

पोरांनी मोबाईल काढले. सर्जेरावांनी चष्मा सारखा केला आणि भिंतीजवळ गेले. आधी त्यांनी भुकेलं प्रेत पाहिलं, मग नरक पाहिला. बघता बघता त्यांचा हात आपोआप कमरेकडं गेला. सगळ्यांनी ते पाहिलं.

"पोपट, काय रं ह्ये?"

"नीट बघा मामा," पोपट म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "सीट कव्हर नवंच हाय."

सर्जेरावांचा ओठ लोंबला. "एकवीस वर्सं झाली की रं," ते म्हणाले.

म्हणजे त्यांना आठवत होतं! मला वाटत होतं, ते विसरले असतील आणि सगळी मेहनत वाया जाईल. ते वळले, गर्दीनं वाट दिली. गळ्यात हार तसाच, पायांना चपला सापडेनात, तसेच तापलेल्या मुरमावरून अनवाणी चालत गाडीपर्यंत गेले. भर मे महिना होता. त्यांना हात द्यायला कुणी पुढं झालं नाही, आणि मी तर मुळीच नाही. माझा जीव थंड झाला. खोटं कशाला बोलू, आजही तो क्षण आठवून मला बरं वाटतं.

मॅडम संतापून निघून गेल्या. लोक खिरीला बसले. पोपट भिंतीखाली मांडी घालून बसला होता, ट्रकभर माल उतरवून झाल्यासारखा. मी त्याच्या शेजारी बसलो.

तेवढ्यात भागुबाई आली. सकाळपासून ती खिरीच्या पातेल्यापाशी होती, चादर पडली तेव्हाही तिथंच. पदराला हात पुसत ती भिंतीसमोर उभी राहिली. नरकाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ती कडेकडेनं बोट फिरवत गेली, आंधळा, कुंभार, बाण, आणि बाळंतिणीच्या चित्रापाशी थांबली. बाईच्या कुशीत एक गुटगुटीत बाळ होतं, कपाळाला काजळाची तीट, गालावर गुलाबी रंग.

"ह्यो पोरगा कुणाचा?" तिनं विचारलं.

पोपट हसला. "कुणाचा न्हाई. अंगणवाडीचा कागद व्हता, त्योच थापटला. नुसती खूण हाय ती जन्माची."

"आपली पोरगी व्हती."

"ठावं हाय की."

"मंग ती का न्हाई काढली?" तिचा आवाज चढला नव्हता. "दोन म्हैनं मला वाटतंय, तुमी तिलाच काढताय. अवो, म्या बघितली न्हाई तिला. मला शुद्ध नव्हती. मी जागी झाले तर तुमी दोघं माती दिऊन आलेले. तुमच्या मांडीवर व्हती ती. तुमीच एकल्यानं बघितलीय. कशी व्हती? काढा की."

पोपट उठला. त्यानं चित्राशेजारच्या मोकळ्या भिंतीवर कोळशाचा तुकडा टेकवला. मी निवांत होतो, त्याचा हात चुकत नाही हे मला ठाऊक होतं. त्यानं चेहऱ्याचा लहानसा गोल काढला. मग डोळ्यांची जागा धरली, आणि थांबला. तळहातानं पुसलं. पुन्हा गोल काढला. पुन्हा पुसलं. त्याच्या कानामागून घाम खाली यायला लागला. तिसऱ्यांदा मात्र तो थांबला नाही, हात भराभर चालू लागला, आणि मला हायसं वाटलं. भुवया आल्या, नाक आलं, खालचा ओठ आला.

भुवया जाड आणि जुळलेल्या होत्या. ओठाचा कोपरा लोंबत होता.

मी ओळखलं. पोपटला अजून कळलं नव्हतं, तो गालावर व्रण द्यायला लागला होता. भागुबाईनं त्याचं मनगट धरलं.

"ह्यो नगं," ती म्हणाली. "माझी पोरगी दावा."