साडूंची म्हैसूर गाडी

माणसानं एक वेळ वैऱ्याच्या शेजारी राहावं, पण रेल्वेचं वेड असलेल्या साडूच्या गावात बदली मागून जाऊ नये. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून बंगलोरला आलो आणि माझे रविवार संपले. आमचे साडू तिथल्या पिढीजात मराठी घरातले, इंदिरानगरात राहणारे. वयानं मोठे, म्हणून त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू आणि माझ्या मेहुणीला अक्का. अण्णा पोरांच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून आगगाडी बांधत. खेळण्यातली नव्हे, हुबेहूब. ‘खेळणं’ हा शब्द कुणी चुकून उच्चारला, तर त्याला त्या घरी कॉफी मिळत नसे.

गाडी एकच, लग्नानंतर अक्काला म्हैसूरहून सासरी घेऊन आलेली. खिडक्यांचं माप चुकू नये म्हणून एकदा त्यांनी मला फलाटावर उभ्या डब्याला टेप लावून धरायला लावलं. टीसी हटकायला आला, तर त्याला म्हणाले, “स्वल्प इरी सार,” म्हणजे जरा थांबा, आणि मला, “टेप ताठ धरा, गाडी सुटेल.” सुटलीच. मी टेपसकट तिच्याबरोबर थोडा धावलोही. टीसीनं कीव केली ती माझी.

रंगाबाबत तर बोलायची सोय नव्हती. खऱ्या डब्यासारखे तपकिरी ठोकळे इथं मिळत नसत. सिंगापूरचा भाचा आणील तेवढेच. रंग फासणं म्हणजे अण्णांच्या लेखी लबाडी. त्यामुळे नवा डबा बांधायला जुना मोडावा लागे आणि इंजिनामागं दीड डबा, यापलीकडे गाडी कधी गेलीच नाही. “पुरी कधी होणार?” म्हटलं की म्हणत, “घाई करून खोटी गाडी कशाला बांधायची?” मी मान डोलवायचो आणि घरी येऊन कपाळाला बाम चोळायचो.

मग अक्काला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. अक्का रडली-बिडली नाही. एवढंच म्हणाली, “अहो, दिसतंय तोवर ती गाडी एकदा पुरी दाखवा.”

दोन-तीन दिवसांनी ऑफिसात अण्णांचा फोन. “येताना ठोकळे आणा. पिवळे. मिळतील तेवढे.”

मी आधीच वैतागलेला. “अण्णा, पिवळी गाडी कुठं असते?”

अण्णांनी आवाज खाली घेतला. मग म्हणाले, “तपकिरी डबा तिला फरशीवर वेगळा दिसत नाही हो. काल हातानं चाचपत होती. पिवळं दिसतं.”

मी दुकानं पालथी घातली. रविवारी दिवाणखान्यात गाडी उभी राहिली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पिवळीधमक. लग्नातल्या जिलेबीलाही इतका रंग नसतो. अक्का खुर्चीतून वाकून बघत होती, अण्णा तिच्या पायाशी बसले होते.

“केवढी लांब हो,” ती म्हणाली. मग आणखी वाकून, “आपली गाडी अशी पिवळी होती?”

“होती की,” अण्णा म्हणाले. “तुझं लक्ष कुठं होतं तेव्हा?”

अक्का लाजून हसली. त्या घरातून लवकर निघावंसं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं नाही.