परीक्षेच्या तोंडावर घातलेली पूजा

वरकुट्यात एका अंगणात दोन जावा नांदत होत्या. थोरली मी, धाकटी शेवंता. माझी नात राणी, तिची पल्लवी. आता ऐका, थोरलीनं आपल्या हातानं आपलं कसं हसं करून घेतलं ते.

दोघी पोरी बारामतीला क्लासला जायच्या. परदेशात शिकायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागती म्हणं. दोघींचं गाडं एकाच जागी अडलेलं. राणीनं मला मराठीतनं समजावलं, "आजी, 'तिला गायला, पोहायला आन् स्वयंपाक आवडतो', हे चूक. ओळीनं सांगितलेल्या गोष्टी एका घडणीच्या पाहिजेत."

मला काय डोंबल कळणार? मला कळायचं एवढंच, की सरावात पल्लवीचे मार्क जास्त. शेवंता ते नळावर मला ऐकू येईल असं सांगायची. माझा नुसता जळून कोळसा.

मग मी डाव टाकला. परीक्षेच्या आदल्या रविवारी सत्यनारायण घातला, अख्खी भावकी जेवायला. वाढायला घरच्या लेकी लागतातच की! आन् थोरल्या आजीला न्हाय कोण म्हणणार? पल्लवीला वाढायला जुंपली. राणीला पुस्तकं देऊन खोलीत बसवली, बाहेरनं कडी घातली.

पल्लवी गोंधळली. कुणाला भात, कुणाला बुंदी. आमचे तात्या, म्हंजे माझे दीर, पानावरनंच म्हणाले, "पोरी, एका वेळंला एकच जिन्नस फिरव. मला भात आन् शेजारच्याला बुंदी, ही काय पंगत झाली का?"

पल्लवी बुंदीची परात घेऊन तितंच थबकली, मग गालात हसली. मला वाटलं, पोरगी दमून येडी झाली. मी मनातनं खूश.

निकाल लागला. पल्लवीला पाहिजे तेवढे मार्क. राणी नेमकी त्या एका घडणीच्या प्रश्नांवर घसरली. पल्लवी पेढे घेऊन आधी माझ्या पाया पडली.

"थोरल्या आजी, क्लासात डोक्यात शिरंना, ते तुमच्या पंगतीत शिरलं. पंगतीत एका वेळंला एकच जिन्नस, तसं वाक्यात एका ओळीला एकच घडण."

मी पेढा तसाच पदराला बांधला. वर राणी फुगून बसली, "मला कोंडलीस कशाला? मलाबी वाढायचंय."

काय करता? परीक्षा परत देता येत होती. परत पूजा, परत भावकी. या खेपंला राणी वाढायला आन् पल्लवी तिच्या मागं मागं शिकवायला.

राणीलाबी मार्क मिळाले. आता दोघी एकाच कॉलेजात निघाल्यात. घराण्याचं भाग्य उजळलं बघा. शेवंता गावभर सांगत फिरती, "आमच्या आक्कांची लई माया. माझ्या नातीसाठी त्यांनी भावकी जेवू घातली."

आन् मी आपली व्हय व्हय करून मान डोलावते.