उघड्या कपाळाचं चित्र

आज दाराला रंग देणाऱ्यानं तारपीनची बाटली उघडली आणि मी थेट शेगावच्या आमच्या दुकानात जाऊन बसले.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, माझं लग्नही नवं. स्टेशनच्या रस्त्यावर आमच्या यांचं तसबिरींचं दुकान होतं. पोट देवांच्या छापील तसबिरींवर चाले, पण एक भिंत यांनी गावातल्या म्हाताऱ्या नानांच्या चित्रांसाठी राखली होती. नाना तरुणपणी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. कंपन्या बुडाल्या आणि लोक नानांना विसरले. यांनी त्यांची जुनी चित्रं माळ्यावरून उतरवली आणि छापील तसबिरींच्याच भावात लावली. हातानं काढलेलं चित्र साध्या घरातही असावं, हा यांचा हट्ट.

एका दुपारी नाना दुकानातच बसले होते. संग्रामपूरकडची एक बाई दर्शन करून आली. तिनं विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईचं चित्र घेतलं, निरखलं आणि पदराच्या गाठीतलं कुंकू चित्रातल्या कपाळावर टेकवलं.

"अवो, हे काय केलं?" हे कळवळले. "हातानं काढेल चित्र हाय ते."

"घरी नेऊन राह्यली न मी तिले. उघड्या कपाळानं कशी नेऊ?"

चित्रातली बाई नानांची विधवा बहीण होती. आम्हा दोघांना ते ठाऊक होतं. मी मान खाली घातली.

नानांनी चित्र उजेडाकडे धरलं. बराच वेळ पाहिलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "लाल रंग तं माह्याजवळही होता."

तेव्हा मला चित्र नासल्याचीच हळहळ वाटली होती. पुढे हे गेले आणि बायका माझं कुंकू पुसायला आल्या. मी कपाळाकडे आलेला हात धरला आणि म्हणाले, "राहू द्या."