फडावर न उघडलेली लिंक

शाळेच्या गॅदरिंगमध्ये चौथीतली एक मुलगी भाषणाला उभी राहिली. आईबाप ऊसतोडीच्या फडावर गेलेले, ती गावात चुलतीकडे. भाषण मी लिहून दिलं होतं. पोरीनं ते घडाघडा म्हटलं आणि शेवटी स्वतःच्या मनानं एक वाक्य जोडलं, “मम्मी, पप्पा, मला न्यायला कवा येता?” मी मोबाइल धरून शूटिंग करत होतो.

व्हिडिओ मोठा होता आणि बापाच्या जुन्या फोनमध्ये जागा नव्हती. म्हणून तो शाळेच्या साइटवर चढवला आणि लिंक पाठवली. फाइलीला नाव हौसेनं मराठीत दिलं. माझ्या कॉम्प्युटरवर झकास चाललं.

दुसऱ्या दिवशी बापाचा फोन आला. “सर, उघडंना. पान सापडत न्हाई म्हणतंय.”

“रेंज नसेल. उंचावर जा जरा.”

तो उसानं भरलेल्या ट्रॉलीवर चढला. “चढलोय सर. तरी तेच.”

मी वैतागलो. फोन बंद करून चालू करा, पुन्हा दाबा, असं इकडे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. तेवढ्यात पोरगी आली आणि फोन मागून घेतला.

“पप्पा, पाहिलं का?”

“पाहिलं की! लई भारी बोललीस.”

“शेवटचंबी?”

“शेवटचं तर एक नंबर!”

 फोन माझ्या हातात देऊन वर्गात गेली. बापानं तिचं मन राखायला थाप मारली होती. तिला वाटलं, त्यांनी ऐकलं आणि उत्तरच दिलं नाही. मी तिला थांबवून खरं सांगायला हवं होतं, पण बापाला खोटं पाडायचं कसं, म्हणून राहिलो.

पुढच्या आठवड्यात सिरसाळ्याला एका पाहुण्याकडे तसाच जुना फोन दिसला. त्यावर लिंक उघडेना. मग माझ्या आणि त्या फोनमधले लिंकचे पत्ते शेजारी ठेवून पाहिले. माझा ब्राउझर मराठी अक्षरांची टक्क्यांच्या खुणा आणि आकडे अशी नेमकी भाषा करून साइटला विचारत होता. त्या जुन्या ब्राउझरनं त्याच अक्षरांची वेगळीच खिचडी करून पाठवली होती, साइटला ती कळत नव्हती. रेंजचा काही संबंधच नव्हता. फाइलीचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत केलं आणि काम झालं. वरातीमागून घोडं!

बापाला नवी लिंक पाठवली. थोड्या वेळानं व्हिडिओ पाहून त्याचा फोन आला. “सर, फड संपल्याबिगर कसं येऊ? तिला द्या फोन.”

मी तिला वर्गातून बोलावलं. बाप काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ ऐकत राहिली.

“रडू नका पप्पा,” ती म्हणाली. “ते शेवटचंबी सरांनीच लिहून दिलतं.”

आणि खरं की नाही विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी फोन घेऊन हो म्हणालो.